संकष्टीचा क्रोसाँ

एम.ए. फ्रेंचच्या तोंडी परीक्षेला शर्वाणी दुसऱ्यांदा बसली होती; आता नापास झाली तर पदवी हुकणार होती.

"संभाषण म्हणजे पाठांतर, पोरांनो," देवस्थळी सर सांगत. नाश्त्याचं विचारलं की साऱ्या वर्गाने क्रोसाँ सांगायचा. सरांनी तो स्वतः चित्रातच पाहिला होता.

फ्रान्सहून आलेल्या परीक्षक बाईंनी नेमकं तेच विचारलं. संकष्टीला खोटं बोलणं शर्वाणीच्या जिवावर आलं. तिने अडखळत, चुकत उपास सांगितला, साबुदाण्याची खिचडी सांगितली, चंद्रोदयाची वाट पाहणं सांगितलं. बाई खुर्ची पुढे ओढून विचारतच राहिल्या.

"सकाळपासून क्रोसाँ ऐकून कान किटले होते," असं म्हणत त्यांनी तिला भरघोस गुण दिले.

सरांनीही धडा घेतला. फळ्यावरचा क्रोसाँ पुसून खिचडी लिहिली. आता दर परीक्षेला साऱ्या वर्गाची संकष्टी असते.