बिनखांबी पूल

"रोज?" प्रमिलाबाईंनी पोळी लाटता लाटता विचारलं.

"रोज," सुलोचना म्हणाली. "एक माणूस पुलाच्या मधोमध उभा राहे. काळी छत्री घेऊन."

"ऊन असो का पाऊस?"

"हो बाई."

"अन् तुले दिसे कुठून?"

"खाटेवरून. समोरच होता न पूल."

प्रमिलाबाईंचं लाटणं जरा जास्तच जोरात फिरलं आणि पोळी फाटली. कलकत्त्याला शेठच्या बंगल्यात पडल्या पडल्या गंगा पाहायची, म्हणजे भाग्याची कमाल झाली.

सुलोचना त्यांची धाकटी जाऊ. देवळीत दोघींची घरं एकाच आवारात. तुळस एक, चुली दोन. सुलोचनाचा नवरा भैयाजी कापसाच्या एका शेठकडे कामाला होता आणि शेठची पेढी होती कलकत्त्याला. त्या निमित्तानं तो बायकोला घेऊन गेला आणि ती पाच महिने तिकडेच राहिली. घरात कमलाचं, नणंदेचं लग्न जुळायचं होतं, आणि ही बाई पूल पाहत बसली होती. परतली ती अंगानं भरून, गालांवर लाली घेऊन.

तो पूल म्हणे सगळा लोखंडाचा. एवढ्या मोठ्या नदीत एक खांब नाही. वरून ट्राम धावते. हे सगळं भैयाजी रंगवून सांगे. सुलोचनाला विचारलं की ती दोन शब्दांत आटपे. "मोठा आहे पूल." प्रमिलाबाईंना वाटे, हा निव्वळ ताठा.

सोमवारी त्यांनी देवापुढे पाणी सोडलं. तो पूल डोळ्यांनी पाहीन तेव्हाच गोड खाईन. तोवर रात्रीचं जेवणही बंद.

नेम त्यांना नवे नव्हते. पण हा नेम भक्तीचा नव्हता, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि देवालाही.

संक्रांत आली, गेली. तिळगूळ त्यांनी वाटला, जिभेवर ठेवला नाही. चोळ्या ढिल्या झाल्या. बारीक खोकला लागला. "उपासानं घसा कोरडा पडते," त्या म्हणत. संध्याकाळी अंग कढत होई, तर ती उपासाची गरमी. सुलोचना साखर घातलेलं दूध घेऊन येई. त्या ते परत करत.

"तुझ्या कलकत्त्याचं दूध तुलेच लखलाभ."

एकदा सुलोचनानं न विचारता त्यांच्या कपाळाला हात लावला आणि तशीच घरी निघून गेली. दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ विहिरीपाशी बराच वेळ बोलत उभे होते. कमलाच्या लग्नाचं असेल, प्रमिलाबाईंना वाटलं.

पुढच्याच आठवड्यात नवऱ्यानं, नानाजींनी, त्यांना खोकल्याच्या औषधासाठी वर्ध्याला नेलं. डॉक्टरनं पाठीला नळी लावली, बाटली दिली. परतीच्या बसमध्ये नानाजी खिडकीबाहेर पाहत राहिले. देवळी जवळ आली तेव्हा म्हणाले, "चाल, तुले पूल दाखवतो."

"मले? कलकत्त्याचा?"

"हो. तयारी कर."

वीस वर्षांच्या संसारात या माणसानं त्यांना कधी जत्रेला नेलं नव्हतं. देवानं नेमाचं फळ दिलं होतं. फळ कोणत्या झाडाचं, ते त्यानं पाहिलं नाही, एवढंच.

ट्रंक भरताना सुलोचना आली.

"बाई, आपलं ताट अन् पेला घेऊन जाजा. शालही घेजा."

"काऊन? तिथं ताटं नाईत का?"

"तिथं ज्याचं त्याचं वेगळं असते."

बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. ते पाहून प्रमिलाबाईंच्या जिवाला कितीतरी महिन्यांनी थंडावा मिळाला.

"काऊन वं रडून राह्यली? तू पाह्यला, आता मी पाह्यतो. एवढं जळू नये माणसानं."

सुलोचनानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मग उठून ट्रंकेत पेला नीट ठेवला.

वर्ध्याला दोघं गाडीत बसली. नागपूर आलं तसे नानाजी उठले.

"एवढ्यात?"

"इथंच उतरायचं आहे."

टांगा निघाला. घरं मागे पडली. कडुनिंबांच्या रांगेपलीकडे एक लांबच लांब कौलारू इमारत दिसली.

"नदी कुठं आहे?" प्रमिलाबाईंनी विचारलं.

"आत चाल. आतून दिसते."

आत लोखंडी खाटांच्या दोन रांगा होत्या. प्रत्येक खाटेवर एक बाई, प्रत्येकीच्या उशाशी तिचं ताट आणि पेला. एक खोकली, मग पलीकडची. पांढऱ्या लुगड्यातल्या नर्सनं त्यांची ट्रंक उघडली, ताट-पेला काढून रिकाम्या खाटेच्या उशाशी ठेवला आणि म्हणाली, "बसा, बाई."

प्रमिलाबाई बसल्या. समोरच्या भिंतीवर जुनं कॅलेंडर लटकत होतं. त्यावर नदी होती. नदीवर बिनखांबी लोखंडी पूल, पुलावर ट्राम, आणि मधोमध काळी छत्री घेतलेला एक माणूस.

नानाजींनी खिशातून कागदाची पुडी काढली. तिच्यातला खडीसाखरेचा खडा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि बोटं मिटवली.

"पूल पाह्यला न? नेम फिटला तुझा. आता गोड खाजो."