उगवणीची हमी

“शेट, तुमच्या घरात बारा वर्सांत कायबी उगवलं न्हाई, आन् आमाला उगवणीची हमी देता व्हय?”

रखमाजी पाटलाने हातातली मूठभर ज्वारी परत पोत्यात टाकली, तशी सगळी गिऱ्हाइकं फिदीफिदी हसली. राणी सरकारच्या काळात बार्शीच्या पेठेत बियाणं आणि नांगराचे फाळ विकणाऱ्या बसाप्पा शेटांची ऐन पेरणीच्या तोंडावर भवानी होत नव्हती. ज्वारी उत्तम होती, पण पंचक्रोशीने तिचा संबंध शेटांच्या रिकाम्या पाळण्याशी जोडला होता.

शेटांनी व्यापारी बुद्धीने तोड काढली. “येत्या सोमवारी दुसरं लग्न करतोय,” त्यांनी जाहीर केलं. धंद्यात असे खर्च करावेच लागतात.

हे ऐकायला नेमकी त्यांची बायको गंगव्वा भाकरी घेऊन दारात आली होती. तिने गाठोडं शेटांपुढे आपटलं, पदर खोचला आणि ती पाटलाकडे वळली.

“पाटील, बी चोख हाय, जमीनबी चोख हाय. पर पेरणाऱ्यानं शेताकडं फिरकाया नगं का? लगीन झाल्यापास्नं ह्ये हितंच पोत्यांपाशी झोपत्यात, उंदरं लागत्याल म्हणून!”

शेटांनी तराजूकडे पाहिलं.

“मंग बियान्याचा काय दोस न्हाई,” पाटील गंभीरपणे म्हणाला. “चार पायली मापा.”

दिवस मावळेपर्यंत दुकानातलं शेवटचं पोतंही विकलं गेलं. राखायला काहीच न उरल्यामुळे शेटांना नाइलाजाने घरी जावं लागलं.