गिझरची जागा

जजसाहेब, तुम्ही एका आईच्या कडेवरची तीन वर्षांची पोर काढून बापाला दिलीत आणि पुढची फाइल उघडलीत. आईला फिट येतात, एवढी एक ओळ तुम्हाला पुरली. उलट एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. तुमच्या त्या सहीला आठ वर्षं झाली, आणि आज ती आई त्याच घराच्या हॉलमध्ये परक्यासारखी खुर्चीच्या टोकावर बसली होती.

घर विकायचं होतं. ते दोघांच्या नावावर होतं म्हणून तिची सही हवी होती. नाहीतर तिला या दारात कुणी उभं केलं नसतं. नवरा, घटस्फोटानंतर कागदोपत्री आता नवराही उरला नव्हता, पोरीला आणि स्वतःच्या आईला घेऊन दुसऱ्या शहरात निघाला होता. म्हणजे पोरीला भेटायचे तिचे रविवारचे दोन तासही गेले. ते दोन तास तरी कसले? सासूबाई पोरीला तिच्या माहेरी घेऊन यायच्या आणि समोर ठाण मांडून बसायच्या. पोरीला घेऊन शेगडीकडे जायचं नाही, नळाकडे जायचं नाही. सही केली नाहीस तर पोरीला सुट्टीतसुद्धा पाठवणार नाही, असं नवऱ्याने फोनवर बजावलं होतं. ती मुकाट्याने आली होती.

गिऱ्हाइकाने खोट काढून भाव पाडू नये म्हणून नवऱ्याने आधीच घर तपासायला माणूस बोलावला होता. तपासनीस पोटाने सुटलेला, आवाजाने बारीक. एका हातात हातोडी, दुसऱ्या हातात फॉर्म. तो फरश्या ठोकायचा, भिंतींवर तळवा फिरवायचा. बेडरूममध्ये म्हणाला, रंग नवा आहे, ओल मात्र जुनीच आहे. नवरा घराची तारीफ करत त्याच्या मागे मागे हिंडत होता. प्रत्येक दोषावर त्याच्याकडे उत्तर तयार होतं.

तपासनीस बाथरूममध्ये शिरला तशी ती उठून उभी राहिली. याच बाथरूममध्ये ती दोनदा पडली होती. दोन्ही वेळा थंडीत, सगळ्यांच्या आंघोळी उरकल्यावर, खिडकी घट्ट लावून. दुसऱ्या वेळी दार फोडून तिला बाहेर काढलं, तेव्हा तिचे हातपाय ताठ झाले होते. डॉक्टरांनी फिट लिहिलं. माहेरच्यांनी रोग लपवून पोरगी आमच्या गळ्यात मारली, असं सासूबाईंनी अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं. जरा विश्रांती घे म्हणून तिला माहेरी धाडलं, ते कायमचंच. तेव्हापासून तिला एकही फिट आली नव्हती. गोळ्या लागू पडल्या, असं म्हणून डॉक्टरांनी त्या चालूच ठेवल्या. आठ वर्षं ती त्या गोळ्यांच्या गुंगीत उठत होती, कामाला जात होती, झोपत होती.

तपासनिसाने भिंतीवर बॅटरी मारली. वरच्या बाजूला चार बुजवलेली भोकं दिसली, शेजारी तोंड बंद केलेला पाइप. इथे गॅसचा गिझर होता का, असं त्याने विचारलं. खिडकी लावली की हवा जायला जागाच नाही. तो अजून इथे असता तर मी हे घर सरळ नापास केलं असतं, म्हणाला.

नवऱ्याची कळी खुलली.

"अहो, तो केव्हाच बाहेर काढलाय. मागच्या गॅलरीत आहे, चला दाखवतो. मेकॅनिकच म्हणाला, आत ठेवूच नका. जळलेला गॅस कोंडतो, त्याला वास येत नाही, माणूस जागच्या जागी आडवा होतो. हातपाय झाडायला लागतो, बघणाऱ्याला वाटतं फिटच..."

वाक्य तिथेच मेलं. स्वयंपाकघरातला सासूबाईंच्या भांड्यांचा आवाजही थांबला.

तपासनिसाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो आपला गॅलरीत गेला, गिझरवरचं मेकॅनिकचं मळकं स्टिकर अंगठ्याने पुसलं आणि फॉर्म भरता भरता मोठ्याने वाचलं. जागा बदलली, नऊ फेब्रुवारी. मग साल वाचलं. साल तेच होतं, आठ वर्षांपूर्वीचं. तुमची सही एकवीस जुलैची, साहेब. ती तारीख तिला झोपेतून उठवून विचारली असती तरी तिने सांगितली असती.

सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. झालं गेलं उकरून काय मिळणार, सही कर आणि मोकळी हो, म्हणाल्या. नवरा सारवासारव करायला लागला. इतकं जुनं कुणाच्या लक्षात राहतंय. मेकॅनिक लोक काहीही ठोकून देतात, त्यांच्यावर कोण विश्वास ठेवतो.

"ठेवलात की," ती म्हणाली. "म्हणून तर बाहेर काढलात."

तपासनिसाने फॉर्म पुढे केला होता, तो त्याच्या हातातच राहिला. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि दोन पावलं मागे सरकला. तिने टेबलावरचं पेन उचललं. टोपण उघडलं नाही. गेली आठ वर्षं ती या माणसाशी खाली बघून बोलत आली होती. आता तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"एकवीस जुलैला मी साहेबांपुढे हात जोडले. पोरीला पाण्याजवळ नेणार नाही म्हटलं. शेगडीजवळ नेणार नाही. तिची आंघोळसुद्धा दुसऱ्या कुणाला तरी घालायला सांगेन, पण तिला मला द्या. तू शेजारी उभा होतास. पाच महिने तुला ठाऊक होतं, आणि तू मूग गिळून उभा होतास."

तिने पेन टेबलावर आपटलं.

"पोर आत्ता शाळेतून येईल. तिला हे तू सांगतोस की मी सांगू?"