कोपऱ्यातलं झाड

“कोणी हात नका लावू! पहिली फोड माझी!”

दीपमालानं संत्रं डोक्यावर धरलं, जणू जिंकलेला कपच. चांदूर बाजारजवळच्या त्या बागेत सगळं घर बांधावर जमलं होतं. बाबा होते, अनुपकाका होते. काकांची सातवीतली रागिणी अंगण झाडता झाडता खराट्यासकट पळत आली होती. फक्त आई नव्हती. ती चुलीतल्या राखेचं घमेलं घेऊन घरामागं गेली होती, रोजच्यासारखी.

या एका संत्र्यासाठी दीपमाला नववीपासून थांबली होती. आता ती बारावीत होती. घरामागच्या कोपऱ्यात एक झाड होतं. साऱ्या बागेची संत्री आंबट, त्या एका झाडाची मात्र नुसती साखर. काहून, ते कोणालाच माहीत नव्हतं. मग नववीत बाईंनी शिकवलं. दोन जीव एकमेकांपासून वेगळे असतात, ते वेगळेपण म्हणजे व्हेरिएशन. ते मायबापाकडून येतं, मातीपाण्यातूनही येतं. म्युटेशन म्हणजे पेशीतल्या मूळ मजकुरातलंच अक्षर बदलणं. झाडाचा मजकूर बदलला असेल, तर त्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, काढून कुठल्याही रोपावर बांधा, बदल सोबत जातो.

दीपमालाची झोपच उडाली. आपल्या घरामागं म्युटेशन! तिनं कोपऱ्यातल्या झाडाचे डोळे काढले, जंभेरी लिंबाच्या रोपांवर बांधले आणि ती कलमं बागेच्या दुसऱ्या टोकाला, पार रस्त्याच्या कडेला लावली.

काकांना तो शब्द भारी आवडला. “दादा, अरे तुही पोट्टीच म्युटेशन हाय! आपल्या खानदानीत कोणती पोट्टी दहावीच्या पुढं गेली? अन् ही म्हणते, अकोल्याले शेतकी शिकाले जाते!”

काका टोमणा मारायचे, दीपमालाला मात्र ती पदवी वाटायची. खानदानीतली पहिली! एकुलती एक! पूर्वी ती वर्गात मागच्या बाकावर लपायची. आता प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचा हात वर असायचा.

शर्त काकांनीच घातली होती. कलमाचं फळ कोपऱ्यातल्या झाडासारखं गोड निघालं, तर अकोला. नाही तर गावातलं कॉलेज, अन् तोंड बंद. बाबांनी मान हलवली होती, आणि बाबांची मान एकदा हलली की हलली.

तिनं फोड तोंडात टाकली.

आंबट. कानापर्यंत झिणझिण्या जाव्यात इतकी आंबट. तिनं दुसऱ्या कलमाचं फळ तोडलं. तेही तसंच. बाबांनी चाखलं आणि दुसरीकडं पाहिलं. काकांनी चाखलं आणि मांडीवर थाप मारून हसले.

“गेलं पाय तुहं म्युटेशन!”

दीपमालाच्या डोळ्यांत पाणी होतं. ते संत्र्याचंच आहे, असं तिनं स्वतःला सांगून टाकलं.

“हो. हे म्युटेशन नाईच,” ती म्हणाली. आणि मग तिथल्या तिथं थबकली. मजकूर तोच. डोळा त्याच झाडाचा. मग ते कोपऱ्यातलं गोड काहून?

ती पळत सुटली. मागं बाबा, मागं काका, खराटा घेऊन रागिणी.

घरामागं आई घमेलं रिकामं करत होती. राख थेट त्या झाडाच्या आळ्यात पडत होती. दीपमालानं खाली बसून मातीत बोटं खुपसली. माती करडी होती, भुसभुशीत होती, खालपर्यंत तशीच होती.

“आई, राख रोज इथंच टाकते तू?”

“मंग कुठं टाकू? उकिरडा लांब हाय.” एवढी माणसं अंगावर आलेली पाहून आई बावरली. “पयले हे काम तुहं होतं. तू तिसरीत होती, तवा तुह्या हातातून घमेलं घेतलं मी. म्हटलं, दे इकडं, तू वाच. मले उकिरड्यावर जायाले वेळ नसे, हे झाड जवळ. काहून, मेलं का झाड?”

“मेलं नाई व आई, गोड झालं!” दीपमाला मातीच्या हातांनीच तिला बिलगली. “बाबा, राखेत पोटॅश असते. फळ त्यानंच गोड झालं असन!”

बाबा साऱ्या बागेवरून नजर फिरवत राहिले. “म्हणजे समद्या झाडाईले राख टाकली तं...”

“म्युटेशन एखाद्याच झाडाले होते, बाबा. हे तं कोणत्याबी झाडाले होऊ शकते!”

“पक्कं?”

“पक्कं कराले माती तपासा लागन. अन् ते शिकाले अकोल्याले जा लागन.”

बाबा हसायला लागले. हसता हसता त्यांची मान हलली. “जाय मंग.”

“अरे दादा, शर्त हरली ना ते...” काका म्हणाले. त्यांनी झाडाकडं पाहिलं. मग वहिनीच्या राखेनं माखलेल्या हातांकडं. मग दीपमालाकडं.

“म्हणजे ही पोट्टी बी म्युटेशन नाई,” ते हळूच म्हणाले.

गंमत संपली होती. अंगण अर्धं झाडायचं राहिलं होतं. रागिणी खराटा सावरत परत निघाली.

काकांनी दोन ढांगांत तिला गाठलं आणि तिच्या हातातला खराटा धरला.

“दे इकडं,” ते म्हणाले. “तू वाच.”