चौदाव्या पानावरची किल्ली

"परत एफएफ," बाई म्हणाल्या. "लिहिलं म्हणतो, आणि वाचायला गेलं की कोरं."

काकांनी चष्म्यावरून पडद्याकडे पाहिलं. एफएफ, एफएफ, ओळीमागून ओळ. रिकाम्या मेमरीची हीच खूण.

"तिसरा दिवस," म्हणत त्यांनी वहीत वेळ टिपली. "चहा घ्या. निवला."

टेबलावर इन्सुलिनचा पंप उघडा पडला होता. आत एक चिप आणि तिच्या शेजारी नखाएवढी वेगळी मेमरी. औषध कधी आणि किती सोडायचं, ते सगळं त्या मेमरीत. काकांनी चार वर्षं खपून तो पंप बनवला होता. बाईंना कंपनीनं बाहेरून बोलावलं होतं. काम एकच, त्या मेमरीत आपला प्रोग्राम लिहिणं. मुदत आज पाचपर्यंत. निकाल मनासारखा लागला तर उद्या पहिला पंप काकूंना बसणार होता.

काकू म्हणजे काकांची बायको. दिवसाला चार इंजेक्शनं.

"दंडावर जागा उरली नाही," काका म्हणाले. "म्हणते, आता तुमच्या दंडावर घेते."

"द्या की मग एक दिवस!"

"मला सुईची भीती वाटते. म्हणून तर पंप केला."

दोघंही हसले. बाई पुन्हा कामाला लागल्या. सकाळी त्यांनी वायरींवर संशय घेतला होता. त्या तोडून आखूड केल्या, नव्यानं डाग दिले. मग वेग कमी केला. मग मेमरीची लिहू न देणारी पिन मोकळी केली. तरी कोरंच.

दुपारी त्यांना उमगलं. दोष मेमरीत नव्हताच. तिच्याकडे जाणारी वाट चिपमधून होती आणि चिपला कुलूप होतं, परक्या कोणी औषधाचं माप बदलू नये म्हणून. खऱ्या किल्लीनं, म्हणजे ठरलेल्या गुप्त आकड्यांनी, सही केलेला प्रोग्रामच ती चालवायची. बाकीचे गुपचूप टाकून द्यायची.

"किल्ली तुमच्याकडे असेल ना, काका?"

"आहे. तिजोरीत."

"मग द्या की."

"देतो बरं! तुमचं तुम्हीच शोधायचं ठरलंय."

"आमचे गणिताचे मास्तर बरे होते तुमच्यापेक्षा."

काका खुशीत होते. चार वाजता चिपनं सातवा प्रोग्राम झिडकारला, तेव्हा त्यांनी घरी फोन लावला. "बॅग भरून ठेव गं. आणि तो निळा गाऊन घे, पुढून उघडणारा."

बाईंनी खुर्ची मागे सरकवली. हात रिकामे म्हणून पंपाची पुस्तिका ओढून चाळायला लागल्या.

"छान लिहिलीय. तुम्हीच?"

"अक्षर न् अक्षर."

"उदाहरणंसुद्धा?"

"उदाहरणाशिवाय कोणाला कळतंय?"

चौदाव्या पानावर सही कशी करायची ते दाखवलं होतं. खाली आकड्यांच्या बत्तीस जोड्या, नमुन्याची किल्ली म्हणून.

"जरा वाचून दाखवता? माझे डोळे गेलेत आज."

"ही उदाहरणाची आहे हो. हिनं काय होणार?"

"बसून तरी काय करू?"

काकांनी एकेक जोडी वाचली, तालासुरात, मध्येच गंमत म्हणून सूर चढवत. बाईंनी टाइप केलं. सही झाली. प्रोग्राम चिपकडे गेला.

पंपावरचा दिवा हिरवा झाला.

बाईंनी मेमरीत लिहिलं. मग वाचून पाहिलं. एकही एफएफ नव्हता. त्यांच्याच ओळी, एकूण एक जुळलेली. घड्याळात पाचला दहा मिनिटं कमी होती.

त्यांनी पडदा हळूच काकांकडे वळवला. "काका, जुळलं."

काकांनी वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं. मग पुस्तिका जवळ ओढली. त्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात त्यांचीच सूचना होती: पंप पाठवण्यापूर्वी ही किल्ली बदलावी. तिच्यावर त्यांनी बोट ठेवलं; तिजोरीतली किल्ली चिपमध्ये घालायची राहूनच गेली होती. मग त्यांनी फोन उचलला.

"अगं, बॅग राहू दे," ते म्हणाले. "इंजेक्शनं मागव, महिनाभराची. बाईंनी माझं कुलूप फोडलं."