वीस वॅट

मेकॅनिकनं शेवटचा स्क्रू काढला आणि कमरेएवढ्या स्पीकरमधला वरचा बारका स्पीकर अलगद बाहेर घेतला. आई श्वास रोखून बघत होती. दारात पोरगा उभा, बॅग खांद्याला. भाड्याची खोली ठरली होती. गाडी यायचीच बाकी होती.

"बघितल्याशिवाय जायचं नाही," तिनं मघाशीच बजावलं होतं. "काय करून ठेवलंयस ते डोळ्यांनी बघ."

नवरा गेला त्यानंतर महिन्याभरात त्याचे हे स्पीकर वाजवणारा जुना अँप्लिफायरही बंद पडला. तेव्हा तिनं मुद्दाम वीस वॅटचा घेतला. लहान अँप, लहान आवाज, स्पीकर सुखरूप. साधी गोष्ट. आणि रविवारी या शहाण्यानं न विचारता मित्राचा दीडशे वॅटचा धटिंगण आणून जोडला. सुरू करताच डावा स्पीकर घोगरा बोलला, नाक चोंदल्यासारखा. त्यावर ती जे म्हणाली ते चार दिवस घरात घुमत होतं. "बापाची एवढी एक वस्तू राहिली होती, तीही जाळलीस!"

पोरानं उलट शब्द काढला नाही. खोली मात्र शोधली.

मेकॅनिक नवऱ्याचा जुना दोस्त. त्यानं मीटर लावला. काटा जागचा हलला नाही.

"गेलाय."

"ऐकलंस?" आई पोराकडे वळली. "दीडशे वॅट म्हणे!"

"वहिनी, थांबा जरा." त्यानं आतलं तारेचं वेटोळं नखानं खरवडलं. कडेनं करपलेलं होतं. "हे एका दिवसाचं काम नाही. रविवारी फक्त शेवटचं तुटलं असेल. महिनोन्‌महिने भाजलंय. आणि मोठ्या अँपनं नाही, छोट्यानं."

"छोट्यानं? काहीतरीच काय!"

"बैलाच्या गाडीला शेळी जुंपलीत तुम्ही. या धुडांना शंभर-दीडशे वॅट द्या, अर्ध्या आवाजातसुद्धा खुशीत वाजतात. वीसवाल्याला शेवटपर्यंत पिळलं की त्याचा आवाज फाटतो, आणि त्या फाटक्या आवाजानं हा बारका जळतो." त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "रोज एवढं पिळत होतं कोण?"

आईची नजर छोट्या अँपच्या बटणाकडे गेली.

पोरगा सकाळी आठला बाहेर पडायचा, तो दिवेलागणीला परतायचा. मधल्या वेळात घरात दुसरं होतं कोण?

तीस वर्षं तिनं नवऱ्याला भंडावलं होतं, "अहो, जरा कमी करा, कान किटले माझे." आता दुपारी, दार लावून, ती त्याचीच गाणी लावायची. आवाज पुरेसा चढला की फडताळातल्या पेल्यांना बारीक कंप सुटायचा. स्वयंपाकघरात उभं राहून तो ऐकला की वाटायचं, हे बाहेर बसलेत. वीस वॅटवर तो कंप बटण पार टोकाला नेल्याशिवाय सुटतच नसे. मग पोरगा यायच्या आत ती बटण मागे आणून ठेवायची. या वयात हसं नको.

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

पोरानं दाराच्या कडीला हात घातला. आता गप्प राहिलं तर तो जाणार, आणि आळ घेऊन जाणार.

"मी," ती म्हणाली. "दुपारी. मीच वाजवत होते."

मेकॅनिकला एकाएकी खाली पडलेले स्क्रू वेचायची आठवण झाली.

पोरानं बॅग खाली ठेवली.

"ठाऊक होतं मला," तो म्हणाला. "कामावरून आलो की अँपला हात लावायचो, चटका बसायचा. स्पीकर जळतील म्हणून तर मोठा आणला."

तिनं त्याचा दंड धरला.

"मग चार दिवस माझी बोलणी कशाला खाल्लीस? तोंड नव्हतं तुला, मेल्या?"

"बोललो असतो, आई," तो म्हणाला, "तर तू लावायचंच बंद केलं असतंस."