वाचण्यापुरती परवानगी

"सर, तुम्हाला डेटाबेस फक्त वाचता येईल. बदलता, पुसता काही येणार नाही," आयटीच्या देवयानीने घैसासांना बजावलं.

घैसासांना तेवढंच हवं होतं. त्यांच्याच तक्रार विभागातली हर्षदा ग्राहकांशी फोनवर फार वेळ घालवते, हे त्यांना साहेबांपुढे सिद्ध करायचं होतं.

त्यांनी तिचे लांबलेले कॉल शोधले. जवळपास प्रत्येक ग्राहकाचा आधीचा कॉल घैसासांनीच घेतलेला होता. हर्षदाच्या शेऱ्यात मात्र त्यांचं नाव कुठेच नव्हतं. 'ग्राहक दुखावले होते. कंपनीतर्फे माफी मागितली,' एवढंच.

"सर, सापडलं का हवं ते?" शेजारच्या टेबलावरून हर्षदाने विचारलं.

घैसास काही बोलणार, तोच तिचा फोन वाजला.

"माफ करा, डिंगणकरकाका," ती म्हणाली.

डिंगणकर बोलत असतानाच घैसासांनी सकाळी फोन आपटला होता.